उन्हाळ्याच्या सुट्टीत अभयारण्यात काम करायचंय? मराठवाड्यातल्या पोरापोरींसाठी सगळी माहिती

दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये होतो आणि अकरावीचं कॉलेज सुरू व्हायला जुलै उजाडतो, मधल्या एवढ्या मोठ्या सुट्टीत पोरं काय करायलेत तर मोबाईल, क्रिकेट, नाहीतर एखादा टायपिंगचा क्लास. आणि त्यातलेच चारदोन जण दरवर्षी विचारतात की ताई, जंगलात काही काम मिळेल का, पैसे मिळतील का, प्राणी जवळून बघायला मिळतील का. हे सगळं त्यांच्यासाठी लिहायलेय, आणि त्यांच्या आईवडलांसाठी पण, कारण परवानगी शेवटी घरातूनच यायची असते.

आधी पैशाचं बोलून मोकळं होऊ. यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून पोरांना वाटतं की आपल्याकडे पण तसंच असेल. तिकडे यूथ कॉन्झर्व्हेशन कॉर्प्स नावाची सरकारी योजना आहे, १९७० पासून चालू आहे, १५ ते १८ वयाची पोरं उन्हाळ्यात आठ-दहा आठवडे नॅशनल पार्कात आणि वाइल्डलाइफ रेफ्यूजवर काम करतात, पायवाटा दुरुस्त करणं, कुंपण घालणं, तण काढणं वगैरे, आणि त्याचा रीतसर पगार मिळतो. आपल्याकडे वनखात्यात १८ च्या आतल्यांसाठी तशी पगारी नोकरी नाही. १४ च्या आतल्या लेकराला कामावर ठेवायलाच कायद्यानं बंदी आहे आणि १४ ते १८ वाल्यांना धोक्याच्या कामावर घेता येत नाही, १९८६ चा कायदा आहे आणि २०१६ ला तो अजून कडक झालाय. रोजगार हमीवर नाव लावायचं तरी १८ पूर्ण लागतात. म्हणून कुणी म्हणत असेल की पाचशे रुपये फॉर्म फी भरा, तुमच्या मुलाला अभयारण्यात समर जॉब देतो, तर एक रुपया देऊ नका.

मग मिळतं काय? स्वयंसेवक म्हणून काम मिळतं, चांगलं केलं तर ऑफिसच्या लेटरहेडवर प्रमाणपत्र मिळतं, अकरावी-बारावीच्या पर्यावरणाच्या प्रोजेक्टला अस्सल विषय मिळतो, आणि जंगलात वर्षानुवर्षं पायी फिरलेल्या गार्डसोबत काम करायला मिळतं, जे पैसे टाकून पण मिळत नाही. माझं स्पष्ट मत आहे की सोळाव्या वर्षी हे पगारापेक्षा मोठं आहे. आणि काम खरंच आहे हो, कुणी तुमच्या करमणुकीसाठी काढलेलं नाही. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या जंगलाला माणसांची जेवढी गरज असते तेवढी वर्षभरात कधीच नसते.

जायचं कुठं ते बघू. घरापासून जे जवळ तेच निवडा, कारण रोज किंवा एक दिवसाआड जाऊन-येऊन करता आलं पाहिजे, एकदाच जाऊन सेल्फी काढून परत आल्यानं जंगलाचं काही भलं होत नाही. पैठण, गंगापूर, नेवासा भागातल्यांना जायकवाडी पक्षी अभयारण्य, म्हणजे आपला नाथसागर, १९८६ ला जाहीर झालेलं आणि जवळपास ३४१ चौरस किलोमीटर पसरलेलं. कन्नडवाल्यांना गौताळा औट्रमघाट, ते पण १९८६ चंच, साधारण २६० चौरस किलोमीटर, डोंगर, धबधबे, पितळखोऱ्याची लेणी आणि बिबटे. बीड-पाटोद्याकडे नायगावचं मयूर अभयारण्य, १९९४ चं. धाराशिवला येडशीचं रामलिंग घाट, १९९७ चं, आकारानं २२ चौरस किलोमीटर म्हणजे छोटंसंच पण तिथं डिसेंबर २०२४ मध्ये पार यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघ दिसला तेव्हा सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष तिकडं गेलं, आणि गौताळ्यात पण २०२१ ला तिकडूनच एक वाघ आला होता. किनवट-माहूर बाजूच्यांना पैनगंगा. परभणी, हिंगोली, जालना, लातूरवाल्यांनो, जवळ अभयारण्य नाही म्हणून नाराज व्हायचं कारण नाही, तुमच्याकडे वनविभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिका आहेत, वनपर्यटनाच्या जागा आहेत, काळविटांची माळरानं आहेत, आणि ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही असते, जी २००२ च्या कायद्यानं प्रत्येक गावात असायला हवी आणि जिला गावातली झाडं, पक्षी, वाण ओळखणारी पोरं कायम हवीच असतात.

आता खरी पायरी, परवानगी. अभयारण्यात वाटेल तेव्हा घुसता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आत जायला परवाना लागतो, मग तुम्ही कचरा उचलायला का जाईनात. आणि ही परवानगी मे महिन्यात मागायला गेलात तर उशीर झाला म्हणून समजा, तेव्हा सगळा स्टाफ वणवे आणि पाण्याच्या टँकरच्या मागे पळत असतो. फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीलाच एक चक्कर मारायची. कुणाला भेटायचं ते पण सांगते, कारण पोरं थेट मोठ्या साहेबाच्या केबिनबाहेर तास-तास बसून परत येतात. सगळ्यात खाली वनरक्षक, म्हणजे आपण ज्यांना गार्ड म्हणतो, त्यांच्याकडे एक बीट, म्हणजे जंगलाचा ठरवून दिलेला तुकडा असतो. त्यांच्यावर वनपाल. त्यांच्यावर वनपरिक्षेत्र अधिकारी, म्हणजे आरएफओ, गावाकडे सगळे रेंजर साहेबच म्हणतात. तुमचं काम रेंज ऑफिसला. आधी गार्डला भेटा, त्यांना विचारा की मामा, यंदा तुम्हाला कशाची अडचण आहे, कोणत्या पाणवठ्याला माणसं कमी पडतात, आणि ते जे सांगतील तेच अर्जात लिहून रेंजर साहेबाकडे न्या. आपल्याला काय करायची हौस आहे ते अर्जात लिहिलं की अर्ज फाईलमध्ये पडून राहतो, त्यांना काय हवंय ते लिहिलं की त्याच आठवड्यात फोन येतो, हे मी बऱ्याच ग्रुपच्या बाबतीत पाहिलंय.

एकट्यानं जाऊ नका. सहा ते दहा जणांचा ग्रुप करा आणि सोबत एक मोठं माणूस पाहिजेच, शाळेतले सर किंवा मॅडम, कुणाचे काका, ग्रुपमधल्या कुणाची आई. शाळेत राष्ट्रीय हरित सेना असेल, स्काऊट-गाईड, एनसीसी, ज्युनियर कॉलेजचं एनएसएस असेल तर त्यांच्या नावानं अर्ज द्या, शिक्का असला की काम सोपं होतं. अर्ज लांबलचक नको, साधारण असा:

"प्रति, मा. वनपरिक्षेत्र अधिकारी (वन्यजीव), ... विषय: उन्हाळी सुट्टीत स्वयंसेवक म्हणून काम करण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, आम्ही ... शाळेचे आठ विद्यार्थी, वय १५ ते १७, १ मे ते ३१ मे या काळात दर मंगळवारी, गुरुवारी व शनिवारी सकाळी ७ ते १० या वेळेत ... बीटमधील पाणवठ्यांची स्वच्छता व प्लास्टिक गोळा करणे ही कामे आपल्या कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली विनामोबदला करू इच्छितो. सोबत श्री./श्रीमती ... हे जबाबदार शिक्षक राहतील. पालकांची संमतिपत्रे, आधारच्या प्रती व संपर्क क्रमांक जोडले आहेत. तरी परवानगी मिळावी ही विनंती."

दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून परत घ्या. संमतिपत्रात रक्तगट, काही आजार, ॲलर्जी, दम्याचा पंप असेल तर ते पण लिहायचं. आठ दिवसांनी विचारपूस करायची, फोनवर नाही, समक्ष जाऊन.

आता कामं. सगळ्यात आधी पाणवठा, कारण एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यातल्या जंगलाचा जीव तिथंच असतो. ओढे-नाले आटलेले असतात, पारा ४२-४३ च्या वर जातो, आणि वनखातं ठिकठिकाणी सिमेंटचे उथळ गोल पाणवठे बांधून त्यात टँकरनं नाहीतर सौरपंपानं पाणी सोडतं. हे पाणी पंधरा दिवसांत हिरवं होतं, तळाला गाळ बसतो, वाळलेली पानं कुजतात. साफ करायचं तंत्र आहे आणि ते नीट शिकून घ्या. पहिली गोष्ट, टँकर नक्की येणार आहे, कधी येणार आहे हे गार्डकडून कळल्याशिवाय पाणवठा रिकामा करायचा नाही, नाहीतर तुम्ही साफ करून घरी गेलात आणि रात्री नीलगाय कोरड्या सिमेंटला तोंड लावून परत गेली असं व्हायचं. टँकर यायचा दिवस ठरला की सकाळी सातनंतर जायचं, त्याच्या आधी नाही, कारण पहाटे मोर, तितर, कोल्हे पाण्यावर येतात आणि तुम्ही तिथं उभे असलात तर ते तहानलेलेच मागे फिरतात. उरलेलं पाणी बादलीनं काढून जवळच्या झाडांच्या बुडाशी ओतायचं. गाळ घमेल्यानं बाहेर, पण काठाला लागून ढीग नको, पाच-सात पावलं लांब पसरवायचा. मग नारळाच्या काथ्यानं आणि खराट्यानं शेवाळ घासायचं, साबण नाही, वॉशिंग पावडर नाही, ॲसिड तर बिलकुल नाही, ब्लीचिंग पावडर पण गार्डनं हातात दिली तरच. घासताना तडे दिसले तर खडूनं खूण करून फोटो काढा आणि गार्डला दाखवा, एका बारीक तड्यातून अख्खा टँकर दोन दिवसांत जमिनीत मुरतो.

आणि मग दोन छोट्या गोष्टी ज्या बहुतेक लोक विसरतात. एक, पाण्यात एका बाजूला दगड असे रचायचे की उतार तयार होईल, आणि एक जाड वाळलेली फांदी अर्धी पाण्यात अर्धी बाहेर ठेवायची, कारण खारी, सरडे, पिल्लं पाण्यात पडली की गुळगुळीत सिमेंटवरून त्यांना चढता येत नाही आणि ती बुडून मरतात. दुसरं, काठावर ओलं गोणपाट अंथरायचं. मधमाशा त्याच्यावर बसून पाणी ओढतात, पाण्यात पडत नाहीत. मे महिन्याच्या दुपारी त्या गोणपाटावर शेकडो माशा एकमेकींना खेटून बसलेल्या दिसतात, एकीला पण पाय घसरायची भीती नाही. साफ झाल्यावर पाणवठ्याभोवती हात-दीड हात रुंद पट्ट्यात बारीक माती चाळून पसरवा, ही तुमची वही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर कोण कोण येऊन गेलं ते उमटलेलं असतं. नखांच्या खुणा दिसल्या तर कुत्रा, लांडगा, कोल्हा किंवा तरस, आणि तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा असतो त्यावरून ते वेगळं काढता येतं. नखं नसतील, चार बोटं गोल आणि मागच्या गादीला खाली तीन फुगवटे, तर बिबट्या किंवा त्याच्या जातीतलं कुणीतरी, मांजराच्या कुळातले चालताना नखं आत ओढून घेतात म्हणून ती उमटत नाहीत. शेजारी स्केल ठेवून फोटो, तारीख, वेळ, पाणवठ्याचं नाव. ही नोंद गार्डच्या खरोखर कामाची असते.

पाणवठ्याच्या आजूबाजूला मेलेले पक्षी दिसले, पाण्याला विचित्र वास आला, कडेला पिशवी किंवा पुडी पडलेली दिसली, तर हात लावायचा नाही, पाणी ढवळायचं नाही, तिथूनच गार्डला फोन. शिकारी लोक पाण्यात विष कालवतात, असं होतं. गार्डचा फोन लागला नाही तर वनखात्याची हेल्पलाईन १९२६, हा नंबर आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

जायकवाडीवाल्यांचं काम वेगळं. उन्हाळ्यात नाथसागराचं पाणी मागे सरकतं, हिवाळी पाहुणे निघून गेलेले असतात आणि उघडे पडलेले काठ, बेटं यांच्यावर इथलेच पक्षी अंडी घालतात. नदी सुरय उघड्या जमिनीवर घालतो, टिटवी तर चार खड्यांच्या मधे खड्यासारखीच अंडी घालते, तुम्ही पाय ठेवेपर्यंत दिसत नाहीत. म्हणून काठावरचा कचरा गोळा करताना एका ओळीत, सावकाश, खाली बघत चालायचं आणि टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की तिथंच थांबून आल्या पावली मागं फिरायचं, तो तुकडा सोडून द्यायचा. तिथं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे तुटलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे उचलणं. नायलॉनची बारीक जाळी चिखलात दिसत नाही, पण पक्ष्याच्या पायात अडकली की तो उपाशी मरतो. प्लास्टिकच्या बाटल्या सगळेच उचलतात, तुम्ही जाळी शोधा. दुसरं, बेशरम. गुलाबी फुलांची ती बेशरमीची झुडपं काठ गिळत चाललीत. नुसती कापून तिथंच टाकली तर प्रत्येक तुकडा चिखलात नव्यानं मूळ धरतो, म्हणून मुळासकट उपटायची, पाण्यापासून लांब कोरड्या मुरमाड जागेवर नेऊन वाळवायची. हातात ग्लोव्हज पाहिजेतच, तिचा चीक विषारी असतो.

गौताळा, येडशीकडे हेच घाणेरीच्या बाबतीत. वरून कोयत्यानं छाटली की पावसाळ्यात दुप्पट फुटते. जमिनीच्या खाली चार बोटं उकरून मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप मुळं वर करून उलटं ठेवायचं. कुदळ-कोयता हातात घ्यायचं काम मोठ्यांच्या देखरेखीतच, आणि आधी काठीनं झुडूप हलवून बघा, सावलीला फुरसं बसलेलं असू शकतं.

बियांचं काम घरी बसून पण होतं, पण त्यात चुकीचा उत्साह फार चालतो म्हणून थोडं सविस्तर सांगते. अभयारण्याच्या आतून बी, शेंगा, फुलं काहीच उचलायचं नाही. रस्त्याच्या कडेला, बांधावर, देवळाच्या आवारात भरपूर झाडं असतात. एप्रिल-मेमध्ये करंजाच्या शेंगा, पळसाच्या चपट्या पापड्या, बहाव्याच्या काळ्या लांब शेंगा, बाभळीच्या शेंगा. बहाव्याचं बी फार टणक, उकळतं पाणी खाली उतरवून त्यात रात्रभर भिजवलं तरच फुगतं, न फुगलेलं बी परत तसंच करायचं. बाभळीचं सगळ्यात चांगलं बी शेळ्यांच्या वाड्यात मिळतं, शेळीच्या पोटातून आलेलं बी लवकर उगवतं, तर तिथल्या आजोबांना विचारून लेंड्यांमधून वेचून घ्या. निंबोळी जूनमध्ये पिकते आणि दोन-तीन आठवड्यांतच तिची उगवायची ताकद जाते, म्हणून साठवून ठेवायची नाही, पडली की पेरायची. ही सगळी बियाणी, नावं आणि तारखा लिहिलेल्या कागदी पाकिटांत, जवळच्या रोपवाटिकेत द्या. तिथं पिशव्या भरायचं काम पण मागून घ्या. माती, वाळू, शेणखत चाळून मिसळायचं आणि पिशवी दाबून गळ्यापर्यंत भरायची, अर्धवट भरली की वरचं प्लास्टिक दुमडतं, पाणी बाहेरच्या बाहेर वाहून जातं आणि रोप सुकतं.

आणि ते सीडबॉल, म्हणजे मातीत बी घालून वळलेले गोळे. कृपा करून माळरानावर सीडबॉल फेकत फिरू नका. उघडा माळ म्हणजे पडीक जमीन नाही, ते गवताचं जंगल आहे. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल यांना उघडा माळच लागतो, झाडं नाहीत. शेजारच्या सोलापूरच्या नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं ते याच माळासाठी, आणि आज तिथं माळढोक दिसणं किती अवघड झालंय ते तुम्हाला कुणी पण सांगेल. झाड लावणं चांगलंच, पण जिथं झाड होतं तिथं. कुठं लावायचं ते गार्ड ठरवतील.

वणव्याबद्दल एकच. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, त्यात धूर दिसला तर फोन करायचा आणि ग्रुप घेऊन उघड्या रस्त्यावर यायचं. विझवायला तुम्ही जायचं नाही. कितीही वाटलं तरी नाही.

ऊन हे सगळ्यात मोठं संकट आहे, बिबट्या नाही. दहानंतर काम बंद, साडेदहाला सावलीत. पूर्ण बाह्यांचा खाकी किंवा मातकट रंगाचा सुती शर्ट, पायात बूट, चप्पल किंवा फ्लोटर्स अजिबात नाही, डोक्याला टॉवेल किंवा मोठी दस्ती, ओली करून. माणशी किमान तीन लिटर पाणी. साखर-मिठाचं पाणी घरीच करता येतं, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. डब्यात धपाटे-दही किंवा भाकरी, चटणी, कांदा, वेफर्सची पाकिटं नकोत, कारण ती पाकिटंच नंतर काठावर सापडतात. कुणाला चक्कर आली, मळमळलं, तर लगेच सावली, ओला टॉवेल, घोट घोट पाणी. पण कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलंय आणि घाम यायचा थांबलाय असं दिसलं तर तो उष्माघात, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

साप-विंचवाचं पण समजून घ्या. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार मुख्य विषारी, आणि दगडधोंड्यात फुरसं जास्त. दगड हातानं उचलायचा नाही, आधी काठीनं उलटायचा. चावलंच तर आवळून बांधणं, चिरा देणं, तोंडानं ओढणं यातलं काहीही नको, हात-पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना. जवळच्या कोणत्या ग्रामीण रुग्णालयात सापाची लस आहे ते काम सुरू व्हायच्या आधीच विचारून, लिहून ठेवा. लाल विंचू पण हलक्यात घेऊ नका, लहान लेकराच्या हृदयावर परिणाम करतो. त्याच्यावर प्रॅझोसिन या औषधाचा उपचार जगाला दाखवून दिला ते डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातलेच, त्यांना २०२२ ला पद्मश्री मिळाली. विंचू चावला की मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका, लगेच दवाखाना.

आता पोरींच्या आईवडलांसाठी. मुलगी जंगलात कशी पाठवायची, हा प्रश्न दरवेळी येतो आणि तो येणं साहजिक आहे, त्याला नाक मुरडायची गरज नाही. नुसतं "नको" म्हणायच्या आधी एकदा स्वतः जाऊन या. बाथरूम कुठं आहे, सोबत बाईमाणूस कोण, जायची-यायची गाडी किंवा एसटी कोणती, हे तीन प्रश्न रेंज ऑफिसला सरळ विचारा, कुणाला राग येत नाही. आता बऱ्याच बीटवर वनरक्षक ताईच आहेत, त्यांचं बीट मागून घ्या. त्या ताईला एकट्यानं डोंगर पालथा घालताना बघितलं की पोरींना जे मिळतं ते कुठल्याच करिअरच्या शिबिरात मिळत नाही.

मोबाईल सोबत असू द्या पण सायलेंट. घरट्याचे, पिल्लांचे, बिबट्याच्या जागेचे फोटो लोकेशनसकट टाकायचे नाहीत, ड्रोन नाही, स्पीकर नाही. पक्ष्यांची नोंद ई-बर्ड या पक्षी नोंदवायच्या ॲपवर करा, मे महिन्यात ग्लोबल बिग डे, म्हणजे जगभर एकाच दिवशी पक्षी नोंदवायचा दिवस असतो त्यात तुमच्या तालुक्यातली यादी जाऊ द्या, मराठवाड्यातून नोंदी अजून भरपूर यायला पाहिजेत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची मोजणी असते, त्याचं सगळ्यांना फार आकर्षण, पण त्याला बऱ्याच ठिकाणी १८ पूर्ण लागतात. आत्ता सतरा असाल तर तुम्ही साफ केलेल्या पाणवठ्यावर मचाण बांधायला दिवसा मदत करा, पुढच्या वर्षी बसायला नाव आपोआप निघतं.

ज्यांना पुढे हेच करायचंय त्यांनी आत्तापासून लक्षात ठेवा, वनरक्षक भरतीला बारावी लागते आणि बारावीला विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यातला एक तरी विषय असायला लागतो, तेव्हा अकरावीला विषय निवडताना हे बघून निवडा. धावणं मुलांना ५ किलोमीटर, मुलींना ३, आणि शेवटी चार तासांत मुलांना २५ आणि मुलींना १६ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. मे महिनाभर बीटवर चाललेल्या पोराला हे चालणं अंगवळणी पडलेलं असतं.

काम संपायच्या आठवड्यात वहीची झेरॉक्स काढून एक प्रत गार्डला आणि एक रेंज ऑफिसला द्या, त्यात कोणत्या तारखेला कोणता पाणवठा साफ केला, किती पोती जाळी-प्लास्टिक निघालं, कोणाचे ठसे दिसले, कुठं तडा आहे, सगळं असू द्या. प्रमाणपत्र तेव्हाच मागा, त्यावर कामाचे तास आणि कामाचं स्वरूप लिहून घ्या, नुसतं "सहभाग घेतला" नको. आणि निघताना जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेसाठी ग्रुपचं नाव देऊन ठेवा, तेव्हा नाथसागरावर परत माणसं लागतात.